पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम (पीसीओएस)

संप्रेरकांच्या व चयापचयाच्या बिघाडातून उद्भवणारा, जननक्षम वयातील स्त्रियांचा दीर्घकालीन विकार. या वयोगटातील शेकडा ८ ते १३ स्त्रियांना तो असावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बोलण्यात त्यास ‘पीसीओडी’ म्हणण्याचा प्रघात आहे.

शिकागोचे स्त्रीरोगतज्ज्ञ अर्व्हिंग स्टाइन व मायकेल लेव्हेंथल यांनी १९३५ मध्ये सात रुग्ण स्त्रियांची हकिकत प्रसिद्ध केली. अंडाशयाचा पाचरीच्या आकाराचा भाग कापून काढताच त्यांची पाळी पूर्ववत झाल्यामुळे, दोषाचे मूळ अंडाशयातच असले पाहिजे, ही समजूत दृढ झाली. सोनोग्राफीत दिसणाऱ्या ‘गाठी’ मात्र वस्तुतः गाठी नव्हेत. पक्व होण्यापूर्वीच वाढ खुंटलेली ती बीजपुटके होत. पुष्कळ रुग्णांत शरीर इन्शुलिनला पुरेसे जुमानत नाही, म्हणून स्वादुपिंड ते अधिक स्रवते. या आधिक्यामुळे अंडाशयात पुरुषी संप्रेरके वाढतात, आणि रक्तात त्यांना बांधून ठेवणारे प्रथिन यकृतात कमी निर्माण होत असल्याने त्यांचा अंमल आणखी चढतो. मग बीजमोचन अडते, पाळी महिनोन्‌महिने लांबते, हनुवटीवर राठ केस व मुरुमे येतात. कित्येकींच्या मानेवर काळसर, मखमली पट्टा उमटतो, जो मळ समजून व्यर्थ घासला जातो.

अनियमित बीजमोचन, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि अंडाशयाचे विशिष्ट सोनोग्राफी-चित्र यांपैकी दोन बाबी आढळल्यास, थायरॉइड, प्रोलॅक्टिन आदींचे विकार वगळून, निदान करावे, असे २००३ च्या रॉटरडॅम परिषदेत ठरले. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या आठ वर्षांत मात्र निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये, कारण त्या वयात निरोगी मुलींतही तसे चित्र दिसते.

विकार समूळ नाहीसा करणारे औषध नाही. ‘लग्न झाले की सारे सुरळीत होईल’ हा वडीलधाऱ्यांचा दिलासा निराधार आहे, आणि गर्भनिरोधक गोळ्यांनी आलेली पाळी ही रोगमुक्तीची पावतीही नव्हे. त्या गोळ्या केसांची व मुरुमांची तक्रार कमी करतात आणि, पाळी दीर्घकाळ न आल्याने गर्भाशयाच्या अस्तराची जी घातक वाढ संभवते, तीस आळा घालतात. स्थूल स्त्रीने ५ ते १० टक्के वजन घटविले तरी पाळी सुधारू शकते. इन्शुलिनचा दोष असल्यास मेटफॉर्मिन देतात. अपत्याची इच्छा असल्यास बीजमोचनासाठी लेट्रोझोलला प्रथम पसंती मिळते. मधुमेहाचा धोका सडपातळ रुग्णासही टळत नाही. यास्तव एक ते तीन वर्षांनी, आणि गर्भधारणेच्या वेळी तर अवश्य, रक्तशर्करेची तपासणी करवून घ्यावी.