तलावाखालचा ऊस आणि घरचे अनारसे

गोंदिया म्हटलं की आधी आठवतो तांदूळ. शहराभोवतीच्या राइस मिल, धानाने भरलेले ट्रक आणि कोंड्याची सगळीकडे उडणारी धूळ. दिवाळी जवळ आली की याच तांदळातला शेर-दोन शेर घराघरांत वेगळा काढला जाई आणि भिजत पडे. रोज पाणी बदलत तीन दिवस भिजवायचा, सावलीत फडक्यावर पसरायचा, अंगात ओल असतानाच कुटायचा आणि गुळात मळायचा. अनारसे महाराष्ट्रभर होतात. पण त्यांना लागणारा तांदूळ आणि गूळ एकाच शिवारात, एकाच तलावाच्या पाण्यावर पिकत होता, असे मुलूख फार नाहीत. गोंदिया ज्यात येतो ती पूर्व विदर्भातली झाडीपट्टी त्यांतला एक. म्हणून इथल्या जुन्या गोडधोडाचा इतिहास स्वयंपाकघराच्याही आधी तलावाच्या पाळीवर सुरू होतो.

हे तलाव बांधले कोहळी समाजाने. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजाने काशीच्या यात्रेत त्यांचं कसब पाहिलं आणि त्यांना आपल्या मुलखात आणून वसवलं, अशी परंपरा आहे. जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्यावर भिजणारी जमीन मिळे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगावबांध हा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं सांगतात. पुढे मालगुजारीच्या काळात तलावांची देखभाल गावचा महसूल गोळा करणाऱ्या मालगुजारांकडे राहिली, म्हणून आजही लोक त्यांना मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा आपला मोठा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध केला. त्यात कोहळ्यांची ओळख दोनच गोष्टींनी होते, तलाव आणि ऊस. उसाला बारमाही ओलीत लागतं, ते तलावाने दिलं. पाळीच्या खालच्या अंगाला ऊस उभा राहिला, गुऱ्हाळं लागली आणि गूळ गावातच तयार होऊ लागला.

वैनगंगेच्या खोऱ्यात धानशेती वाढवणाऱ्यांत पोवार समाज आघाडीवर होता. माळव्यातून आलेली ही मंडळी आधी रामटेकजवळच्या नगरधनच्या आसपास स्थिरावली. नागपूरच्या भोसल्यांच्या कटक मोहिमेत केलेल्या कामगिरीबद्दल त्यांना वैनगंगेकाठच्या जमिनी मिळाल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. कोहळ्यांचा गूळ आणि पोवारांचा तांदूळ हे अर्थात ढोबळ वर्णन झालं, दोन्ही समाज दोन्ही पिकं जाणत होते. तरी सणाच्या कढईत या दोन परंपरा एकत्र आल्या, हे मानायला हरकत नाही.

अनारशाला कुठलाही तांदूळ चालत नाही. गोंदियाच्या बाजारात अरवा आणि उष्णा हे शब्द लहान मुलालाही ठाऊक असतात. धान उकडून, वाळवून मग भरडलेला तो उष्णा. न उकडता भरडलेला तो अरवा. उकडताना दाण्यातला स्टार्च शिजून घट्ट होतो, म्हणून उष्णा तांदळाचं पीठ अनारशाला उपयोगाचं नाही. अरवाच हवा, तोही शक्यतो जुना. मिल येण्याआधी धान ढेकीवर सडला जाई. लाकडाच्या लांब दांड्याचं एक टोक पायाने दाबायचं आणि दुसऱ्या टोकाचं मुसळ उखळात आपटायचं. ओल्या तांदळाचं पीठही ढेकीवर किंवा उखळातच व्हायचं. कुटलेल्या पिठाला गिरणीतल्या पिठासारखी उष्णता लागत नाही आणि ओलही टिकते, हे बायकांना अनुभवाने माहीत होतं.

पुढचं काम संयमाचं. पीठ बारीक कापडातून चाळून वजनाला जवळजवळ तेवढाच किसलेला गूळ आणि थोडं तूप घालून घट्ट गोळे करायचे आणि झाकून ठेवायचे. तीन दिवसांच्या भिजवणीत तांदूळ किंचित आंबलेला असतो. गोळे मुरू दिले की गूळ त्या पिठात सगळीकडे सारखा भिनतो. मग खसखशीवर थापून, खसखस वर ठेवून मंद आचेवर तळायचं. अनारसा उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. गूळ जास्त झाला किंवा पीठ ओलसर राहिलं तर तो कढईत पसरतो, विरघळतो. बायका म्हणतात, ‘अनारसे हसले.’ एका हसलेल्या घाण्यात आठवडाभराची मेहनत जाते. म्हणूनच ज्या घरच्या अनारशांना नेमकी जाळी पडते, त्या घरच्या सुगरणीचं नाव गावभर होतं. अधिक मासात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात, तेव्हा तर लेकीच्या माहेरची सगळी कसोटी त्या जाळीवर लागते.

जिल्ह्याच्या पूर्वेला, देवरी-सालेकसाकडे, गोडाचा दुसरा साठा जंगलात होता. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. पहाटे अंधारातच बायका-मुलं टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. वाळवलेल्या मोहफुलात साखर भरपूर असते. ही फुलं भाजून तिळाबरोबर किंवा जवसाबरोबर कुटली की लाडू वळता येतात, वेगळा गूळ लागत नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतातल्या असंख्य कुटुंबांना याच फुलांनी जगवलं. तरीही मोह म्हटलं की सरकारी कागदांत दारूच आधी आली आणि फुलांच्या साठवणुकीवर, वाहतुकीवर बंधनं राहिली. महाराष्ट्रात ती २०२१ साली उठवली गेली. इतकं पोषक, इतकं गोड अन्न एवढी वर्षं संशयाने पाहिलं गेलं, हा मोठाच अन्याय होता. आज मोहाचे लाडू बचतगटांच्या स्टॉलवर मानाने मांडलेले दिसतात, हे त्यामुळे फार बरं वाटतं.

हे सगळं गोड तळलेलं किंवा कुटलेलं, पण बेकरीची भट्टी नसली तरी भाजणंही इथे नवं नव्हतं. विदर्भात पळसाच्या पानांत कणकेचे पानगे गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजतात. उरलेला पानगा तूप-गूळ घालून कुस्करला की मुलांची चंगळ. सीमेपलीकडे छत्तीसगडमध्ये तांदळाच्या पिठाची जाड अंगाकर रोटी अशीच पानांत गुंडाळून निखाऱ्यांवर होते. ओव्हन आणि मैदा फार नंतर आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदिया मोठ्या शहरांना जोडलं आणि त्याबरोबर बाहेरची साखर, मैदा, बेकरीचा माल येणं सोपं झालं. महाराष्ट्रातल्या इतर गावांप्रमाणे इथल्याही मध्यमवर्गीय घरांना दिवाळीआधी डबा भरून रवा, मैदा, तूप, साखर बेकरीत नेणं आणि भट्टीतून नानकटाई भाजून आणणं परिचयाचं झालं. वाळू घातलेल्या कढईतला केक, गोल अ‍ॅल्युमिनियमचा विजेचा ओव्हन हे सगळं त्याच्या पुढचं.

दरम्यान तलावाखालचं चित्र पालटलं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, पाळी बांधणारे आणि गाळ काढणारे हात सुटले. आता पाळीखाली बहुतेक ठिकाणी धानच दिसतो आणि गुळाची ढेप दुकानातून येते. चिन्नोरसारख्या जुन्या सुवासिक वाणांची जागा भरघोस उत्पन्न देणाऱ्या धानाने घेतली, तरी शेजारच्या भंडारा आणि बालाघाटच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळाल्याने त्याची चर्चा पुन्हा होऊ लागली आहे. अनारशाचं तयार पीठ पाकिटात मिळतं. ते वाईट नाही, पण त्यात कुठला तांदूळ, किती दिवस भिजलेला आणि कुठला गूळ, हे कुणी सांगत नाही.

ज्यांच्या घरी आजी, आत्या, मावशी अजून कढईपुढे बसतात, त्यांनी या दिवाळीत एक वही घेऊन जवळ बसावं. धानाचं वाण, भिजवण्याचे दिवस, गुळाचं प्रमाण आणि अनारसे हसले तर पीठ सावरायची युक्ती, सगळं त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावं आणि पहिला घाणा स्वतः तळून बघावा.