जंबियाचं म्यान

आपल्या मालेगावचा भुईकोट नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४० च्या सुमारास उभारला. १८१८ च्या मे-जूनमध्ये त्यातल्या अरब शिबंदीनं कर्नल मॅकडॉवेलच्या फौजेला जवळजवळ महिनाभर झुंजवलं. शेवटी किल्ल्यातलं दारूकोठार उडालं, तट ढासळला, किल्ला पडला. ही लढाई आपण तोफांच्या भाषेत सांगतो. मला आज त्या शिपायाच्या कमरेकडं पाहायचं आहे.

अरब शिपायाच्या कमरेला जंबिया असायचा. वाकड्या पात्याचा, दुधारी. दक्षिणेत चाकरीला आलेले पुष्कळ अरब हद्रमौतचे, म्हणजे आजच्या येमेनातले. त्याच मुलखातली माणसं जावा बेटावरही गेली, आणि तिथला खंजीर म्हणजे क्रिस. जावात पातं पिढ्यान्‌पिढ्या तेच राहतं. लाकडी म्यान मात्र समारंभाला एक, रोजच्याला दुसरं. येमेनच्या डोंगराळ भागात जंबियाचं उलटं आहे. म्यान टोकाशी आकड्यासारखं वर वळलेलं असेल तर माणूस टोळीवाला. सय्यद किंवा काझी घराण्यातल्याचं म्यान वेगळ्या घाटाचं. माणूस कोण, हे म्यान सांगतं! तत्त्वज्ञानात आम्ही विचारत असू, वस्तूचं वस्तूपण कशात? इथं उत्तर लाकडात आहे.

आणि नेमकं तेच आपण गमावतो. संग्राहक पातं घासतो, मुठीची किंमत करतो, किडकं म्यान फेकतो. चांदीची तहनाळ सोनाराकडं जाते. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे असल्या घरगुती वस्तू जपल्या. ती दृष्टी हत्यारांच्या बाबतीत अजून आपल्याकडं रुजली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्यान म्हणजे बहुधा लाकडाच्या दोन पातळ फाका, सरसानं जोडलेल्या, वर कातडं किंवा मखमल. आपल्याकडं उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं; पातं अडकतं. मग कोणीतरी ओढतं आणि जोड उकलतो. अडकलं तर थांबा, हवा कोरडी होऊ द्या. म्यान सांध्यावर मुठीत आवळून धरू नका. उकललेल्या फटीतून धार थेट बोटाला लागते. पात्याला तेल लावून तसंच आत सारण्याची आपली जुनी खोड फार वाईट. लाकूड तेल पितं, धूळ धरतं, कातडं काळवंडतं. ओल्या फडक्यानं तर पुसूच नका, मऊ कोरडा ब्रश पुरे. पातं आणि म्यान वेगवेगळ्या सुती कापडात ठेवलेलं बरं, कारण कातड्यातल्या आम्लानं लोखंड गंजतं. पण दोन्हींना एकच खूणचिठ्ठी बांधा. नाहीतर नातवंडांना जोडी कळायची नाही. भुसा पडताना दिसला तर कीड जिवंत आहे असं समजा, नि ते म्यान बाकीच्यांपासून लगेच दूर करा.

एक कायद्याची गोष्ट. शंभर वर्षांवरची अशी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ती खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. तेव्हा कोणी पाहुणा भाव करायला आला, तर आधी म्यानाचा आणि पात्याचा एकत्र फोटो काढून ठेवा, आणि आजोबांनी त्याबद्दल काय सांगितलं होतं ते त्याच्या मागं लिहा.