घरची मंडळी खुशाल : पहिले महायुद्ध, भारतीय शिपाई आणि पत्नीचे पत्र

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर लढलेल्या भारतीय सैनिकांची पत्रे चाळताना एक तक्रार पुन्हापुन्हा समोर येते : घरून पत्र का येत नाही? थंडी, चिखल आणि तोफांचा भडिमार यांविषयी ते लिहितातच. पण आपण लिहिलेल्या पत्रांना उत्तर नाही, घरी काय चालले आहे ते कळत नाही, ही व्यथा अनेक पत्रांत आहे. त्यातही सर्वांत दुर्मीळ होती ती पत्नीची खबर.

लाहोर डिव्हिजनच्या पहिल्या तुकड्या २६ सप्टेंबर १९१४ रोजी मार्सेय बंदरात उतरल्या. महिन्याभरातच त्या खंदकांत होत्या. २८ ऑक्टोबरच्या नव शापेलच्या हल्ल्यात खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्यांनी भाग घेतला व त्यांची मोठी हानी झाली. या कंपन्यांत मराठी जवानही होते. सैन्याबरोबर टपालखातेही समुद्र ओलांडून गेले होते. फौजेची स्वतःची रणक्षेत्रीय टपाल कार्यालये होती आणि त्यांत ‘आय. ई. एफ.’ अशी अक्षरे छापलेली खास भारतीय तिकिटे चालत. मार्च १९१५ पर्यंत भारतीय सैनिक आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे लिहीत होते. युद्ध सुरू होऊन तेव्हा जेमतेम सात महिने झाले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते.

इतकी पत्रे जात असताना पत्नीचा शब्द मात्र का पोहोचत नव्हता?

१९११ च्या जनगणनेनुसार हिंदुस्थानात शंभर पुरुषांमागे साधारण दहा-अकरा साक्षर होते आणि शंभर स्त्रियांमागे केवळ एक. पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा १८४८ साली सुरू झाली होती. तिला साठाहून अधिक वर्षे लोटल्यानंतरची ही स्थिती आहे. म्हणजे शिपायाची पत्नी लिहू शकत नव्हती, आणि बहुधा शिपाईही नाही. आघाडीवर एखादा लिहिता-वाचता सोबती अनेकांची पत्रे लिहून देई. गावाकडे हेच काम शाळामास्तर, पोस्टमन किंवा घरातला एखादा शिकलेला दीर करी. पत्र आले की तेही कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावे लागे, आणि ऐकायला सारे घर जमे. दोघांच्या मनातील गोष्ट निदान दोन परक्या माणसांच्या तोंडून गेल्याशिवाय एकमेकांपर्यंत पोहोचतच नसे.

त्यावर रीतीरिवाजाचे बंधन होते. त्या काळच्या मराठी घरांत नवरा-बायको एकमेकांचे नाव चारचौघांत घेत नसत. पत्र वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावे जाई. प्रारंभी साष्टांग नमस्कार, मग खुशाली, मग पाऊसपाणी, गुरेढोरे, देणेघेणे, मनीऑर्डर पोहोचली की नाही याची विचारणा. शेवटी थोरांस नमस्कार व धाकट्यांस आशीर्वाद. या सगळ्यात पत्नीला जागा मिळे ती ‘घरची मंडळी’ किंवा ‘मुलांची आई’ अशा आडोशाच्या शब्दांत. उलट दिशेनेही तसेच. घरून आलेल्या पत्रात ‘मंडळी खुशाल आहेत’ एवढे तीन शब्द असत, आणि कित्येकदा हजारो मैल दूर असलेल्या माणसाला बायकोविषयी कळे ते एवढेच. दिराच्या किंवा मास्तरच्या समोर बसून एखाद्या तरुण स्त्रीने यापेक्षा अधिक काय सांगावे?

यापलीकडे आणखी एक वाचक होता. भारतीय क्रांतिकारकांचे साहित्य टपालातून सैनिकांपर्यंत पोहोचू नये, या हेतूने सरकारने १९१४ मध्येच पत्रतपासणी सुरू केली. प्रमुख होता एव्हलिन हॉवेल हा अधिकारी. त्याचे कार्यालय पुढे फ्रान्समधील बुलोन्य येथे होते. सर्व पत्रे उघडणे अशक्यच होते. निवडक पत्रे वाचून, त्यांतील उताऱ्यांचे इंग्रजी भाषांतर करून नियमित अहवाल पाठवले जात. सैनिकांना हे ठाऊक होते आणि त्यांनी त्यावर तोडही काढली. गावाकडच्या लोकांना भरतीपासून परावृत्त करायचे असेल, तर काळी मिरी संपत आली आहे, असे कळवावे. काळी मिरी म्हणजे भारतीय सैनिक आणि लाल मिरची म्हणजे गोरे. तपासनिसांना ही परिभाषा उमगायला फार वेळ लागला नाही. युद्धाची बातमी अशी मसाल्यात गुंडाळता येत होती. विरहासाठी मात्र तसा संकेत दोघांनी आधी ठरवलेला असावा लागतो, आणि निघताना तेवढी सवड किती जणांना मिळाली असेल!

१९१५ अखेर भारतीय पायदळ फ्रान्समधून हलवून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये नेण्यात आले. तिथे मराठी माणसांची संख्या कितीतरी अधिक होती. सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. मुंबईहून जहाजाने बसरा आणि तेथून तैग्रिस नदीतून वर, ही तिथली मुख्य वाट. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी कुत-अल-अमारा येथे या डिव्हिजनला वेढा घातला आणि ती वाट तुटली. उपासमार झाली; घोड्याचे मांस खाण्यास बहुसंख्य भारतीय शिपाई शेवटच्या आठवड्यांपर्यंत तयार नव्हते. २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली आणि सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. भारतीय शिपायांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐन येथे रेल्वेमार्गाच्या कामावर जुंपले गेले. बंदिवासात हजारो मेले. कोकणातल्या आणि साताऱ्याकडच्या घरांत या काळात नवरा जिवंत आहे की नाही, कुंकू लावावे की पुसावे, हे सांगणारा कागदच नव्हता. शिपायाच्या तळमळीविषयी आपण बोलतो; ही दुसऱ्या टोकाची प्रतीक्षा फारशी कुणी नोंदवून ठेवलेली नाही.

फ्रान्समधील पत्रांत मात्र एक अनपेक्षित सूर उमटतो. शिपाई तिथल्या खेड्यांतून मुक्काम करत. पुरुष आघाडीवर गेलेले असताना शेती, दुकान, हिशेब सांभाळणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या. त्या वर्तमानपत्र वाचतात, आघाडीवरील नवऱ्याला व मुलाला स्वतःच्या हाताने लिहितात, हेही पाहिले. अनेकांनी मग घरी कळवले की मुलींना शाळेत घाला, बायकांना शिकवा. अभ्यासक याचे श्रेय युरोपच्या दर्शनाला देतात, आणि ते खरेही आहे. पण त्यामागे एक साधे, घरगुती कारणही असावे. ज्याने महिनोन्‌महिने तीन शब्दांच्या खुशालीवर दिवस काढले, त्याला बायकोला अक्षर येण्याची किंमत कुणी समजावून सांगावी लागत नाही.

आज ही पत्रे आपण वाचू शकतो ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपलेल्या तपासनिसांच्या अहवालांमुळे. मूळ कागद बहुतेक नष्ट झाले. मराठी, उर्दू, गुरुमुखीत लिहिलेले शब्द इंग्रजी उताऱ्यांतून उरले आहेत. ज्या परक्या नजरेच्या भीतीने नवऱ्याने मन आवरले, तिच्यामुळेच त्याचे थोडेफार मन शिल्लक राहिले. बायकांची पत्रे त्यांत अगदी थोडी आहेत, आणि तीही बहुधा दुसऱ्याच्या हातची.

महाराष्ट्रातील अनेक गावांत महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या अजून दिसतात. गावातून किती माणसे युद्धास गेली आणि त्यांपैकी किती जणांनी प्राण दिले, एवढे दोन आकडे त्यांवर कोरलेले असतात.