उशिराच्या बहाराचे मोल

संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी संत्र्याच्या बागा आहेत. विदर्भात संत्र्याचे दोन बहार धरतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात व फळ दिवाळीच्या सुमारास उतरू लागते. मृग बहाराची फुले पावसाच्या पहिल्या सरींनंतर दिसतात आणि फळ पुढील फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती लागते. मृग धरायचा तर भर उन्हाळ्यात झाडाचे पाणी तोडावे लागते. पाने मलूल होतात, झाड उदास दिसते. बागाईतदार त्याला ‘ताण देणे’ म्हणतो. या ताणानंतरच फूल येते. मृगाचे फळ आंबियाच्या मागून आले म्हणून कोणी ते उकिरड्यावर टाकीत नाही. व्यापारी ते हातात घेतो, वजन पाहतो, रस पाहतो आणि मग भाव ठरवितो.

माणसांच्या बाबतीत मात्र आपण इतके न्यायी नसतो. कापूस निघालेल्या रानात सायंकाळी क्रिकेट खेळणारी मुले आपण पाहतो. त्यांत तिशीकडे झुकलेला एखादा फलंदाज असतोच. तो चेंडू अचूक ओळखतो, संघाला सावरतो, आणि बांधावर बसलेली जाणती माणसे म्हणतात, ‘चांगला खेळतो, पण आता वय निघून गेले.’ याच उद्गाराचा विचार येथे करावयाचा आहे. खालच्या पायरीवर वर्षानुवर्षे धावांच्या राशी रचणारा आणि तिशीच्या आगेमागे फुललेला फलंदाज देशाच्या संघात संधी मिळण्यास पात्र आहे काय? आपल्या क्रिकेटच्या इतिहासाला हा प्रश्न विचारला असता त्याने दिलेली उत्तरे मननीय आहेत.

आरंभ विदर्भातूनच करू. कर्नल सी. के. नायडू यांचा जन्म 31 ऑक्टोबर 1895 रोजी नागपूर येथे झाला. 1916 मध्ये मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाकडून ते प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळू लागले. 1 डिसेंबर 1926 रोजी मुंबई जिमखान्यावर आर्थर गिलिगन यांच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध त्यांनी 153 धावा काढल्या आणि त्यांत 11 षटकार ठोकले. पाहुण्यांना त्या दिवशी उमगले की हा देश आता केवळ शिकाऊ राहिलेला नाही. गिलिगन यांच्या प्रोत्साहनाने हालचाली सुरू झाल्या व 1928 मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले. तरीही भारताचा पहिला कसोटी सामना व्हावयास 25 जून 1932 हा दिवस उजाडावा लागला. लॉर्ड्सच्या मैदानावर भारताचा पहिला कर्णधार म्हणून उतरलेले नायडू तेव्हा 36 वर्षांचे होते.

त्यांची कसोटीतील कमाई 7 सामन्यांत 350 धावा. सरासरी 25. केवळ हा आकडा पाहणारा म्हणेल की हा फलंदाज बेताचाच असावा. परंतु बहराची वर्षे ज्या वहीत नोंदवायची ती वही तोपर्यंत उघडलीच नव्हती. 1936 मध्ये ओव्हल येथे, वयाच्या चाळिशीत, आपल्या अखेरच्या कसोटी डावात त्यांनी 81 धावा काढल्या. ज्याला आपण ‘उशिराचा’ म्हणतो त्याचा उशीर पुष्कळदा त्याचा नसतो, दरवाजाचा असतो. हा इतिहासाचा पहिला धडा होय.

दुसरे उदाहरण तर आपल्या ख्रिस्ती घरांनी अभिमानाने सांगावे असे आहे. विजय सॅम्युएल हजारे 11 मार्च 1915 रोजी सांगली येथे एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी जन्मले. 1934 साली रणजी करंडक स्पर्धा सुरू झाली, त्याच हंगामात ते महाराष्ट्राकडून खेळू लागले. 1939-40 मध्ये पुण्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद 316 धावा केल्या. तोपर्यंत दुसरे महायुद्ध पेटले होते. 1936 च्या ऑगस्टपासून 1946 च्या जूनपर्यंत भारताला एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. फलंदाजाच्या आयुष्यातील ऐन उमेदीची दहा वर्षे अशी कोरडी गेली.

पण त्या ताणाच्या काळातही हजारे यांची बॅट थांबली नाही. मुंबईचे सामने त्या वेळी जमातींच्या नावाने खेळले जात. 1937 मध्ये ‘इतर’ असा पाचवा संघ त्यांत आला व ते सामने पंचरंगी झाले. आपला ख्रिस्ती समाज हिंदू, मुसलमान, पारशी वा युरोपीय यांपैकी कोणत्याही संघात बसणारा नव्हता, म्हणून हजारे ‘इतर’ संघाकडून खेळत. 1943 च्या डिसेंबरात ब्रेबोर्न स्टेडियमवर हिंदू संघाने 5 बाद 581 धावांचा डोंगर रचला, त्यांत विजय मर्चंट नाबाद 250. ‘इतरां’चा पहिला डाव 133 धावांत आटोपला. दुसऱ्या डावात संघाने 387 धावा केल्या, त्यांपैकी 309 एकट्या हजारे यांच्या! धाकटे बंधू विवेक यांच्यासह त्यांनी 300 धावांची भागी केली. त्या भागीत विवेक यांचा वाटा अवघ्या 21 धावांचा. सामना डावाने गेला, पण आठवण राहिली ती पराभूत संघाच्या त्या एका खेळीची. माणसांना जमातीच्या खान्यात घालणारे ते सामने 1945-46 नंतर बंद झाले, हे योग्यच झाले. परंतु ज्याच्या संघाला धड नावही नव्हते त्याने आपले नाव कसे कोरले, हे आपण विसरू नये.

22 जून 1946 रोजी लॉर्ड्सवर हजारे यांनी कसोटीत पदार्पण केले, तेव्हा ते 31 वर्षांचे होते. आजच्या कित्येक निवडकर्त्यांनी या वयाच्या नवख्याकडे पाहिलेही नसते. पुढे काय घडले? जानेवारी 1948 मध्ये अ‍ॅडलेड येथे, ब्रॅडमन यांच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध, लिंडवॉल व मिलर यांच्या माऱ्यासमोर त्यांनी दोन्ही डावांत शतके झळकाविली : 116 आणि 145. फेब्रुवारी 1952 मध्ये मद्रास येथे भारताने पहिला कसोटी विजय मिळविला, तोही त्यांच्याच नेतृत्वाखाली. 30 कसोट्या, 2192 धावा, 7 शतके, सरासरी 47.65. यांतील एकूण एक धाव एकतिशी ओलांडल्यानंतरची आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, ‘मग प्रश्न सुटला. उशिरा फुललेल्या प्रत्येकाला संधी द्यावी.’ पण इतिहास इतका सरळ नाही. संघात माणसे अकराच असतात.

हजारे कसोटीत स्थिरावले होते त्याच काळातील, डिसेंबर 1948 मधील गोष्ट. पुणे क्लबच्या मैदानावर महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद 443 धावा केल्या. ब्रॅडमन यांचा नाबाद 452 धावांचा त्या वेळचा विश्वविक्रम नऊच धावा दूर होता. महाराष्ट्राच्या 4 बाद 826 धावा झाल्या असता प्रतिस्पर्धी कर्णधाराने सामनाच सोडून दिला. कोल्हापूरचे निंबाळकर तेव्हा नुकतेच 29 वर्षांचे झाले होते. त्याच हंगामात वेस्ट इंडिजचा संघ भारतात पाच कसोट्या खेळत होता. निंबाळकरांना त्यांपैकी एकीतही घेतले गेले नाही, आणि पुढेही ते एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत.

हा अन्याय होता काय? निवडकर्त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. काठियावाडची गोलंदाजी कसोटीच्या तोडीची नव्हती, आणि दुबळ्या माऱ्यावर काढलेल्या धावांचे वजन निराळे असते. शिवाय मधल्या फळीत जागा कोठे होती? त्या मालिकेत रुसी मोदी व विजय हजारे या दोघांनीही पाचशेहून अधिक धावा केल्या. ज्या हजारे यांना दरवाजा उशिरा उघडला, त्यांनीच आता ती जागा भरून टाकली होती. एकाला मिळालेला न्याय दुसऱ्याची वाट अडवितो, ही या प्रश्नातील खरी वेदना आहे, आणि ती मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

तरीही एक गोष्ट उरते. निंबाळकर कसोटीत कमी पडले असते, असे आपण म्हणू शकत नाही. ते तेथे कधी उभेच राहिले नाहीत. दुबळ्या गोलंदाजीवर काढलेल्या धावांचा कस पाहायचा तर सबळ गोलंदाजीसमोर उभे करण्यावाचून दुसरा उपाय नाही. ऑस्ट्रेलियाचा माइक हसी कसोटीआधी प्रथम श्रेणीत 15,313 धावा काढून बसला होता. नोव्हेंबर 2005 मध्ये, तिसाव्या वर्षी, त्याला संधी मिळाली व पुढे त्याने 79 कसोट्यांत 19 शतके केली. त्याच देशाचा अ‍ॅडम व्होजेस 2015 मध्ये 35 व्या वर्षी पहिली कसोटी खेळला आणि नाबाद 130 धावा करून परतला. त्यांना कोणी बोलाविलेच नसते तर जाणत्यांनी त्यांच्याविषयीही म्हटले असते की खालच्या पायरीवरच्या धावा त्या, त्यांचे काय मोल!

पुन्हा विदर्भाकडे वळू. नागपूरचा सलामीचा फलंदाज फैज फजल 15 जून 2016 रोजी हरारे येथे झिंबाब्वेविरुद्ध भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळला. वय 30. त्याने नाबाद 55 धावा केल्या व भारताने सामना दहा गडी राखून जिंकला. तो त्याचा अखेरचाही आंतरराष्ट्रीय सामना ठरला. 2017-18 च्या रणजी हंगामात त्याने 912 धावा केल्या आणि विदर्भाला पहिल्यांदाच करंडक मिळवून दिला. त्याच्याच नेतृत्वाखाली विदर्भाने पुढील वर्षी तो राखला. तरी बोलावणे आले नाही. फजलला संधी मिळाली नाही, असे कागदावर म्हणता येणार नाही. पण न बाद झालेल्या एका डावानंतर मिटलेला दरवाजा म्हणजे परीक्षा नव्हे. मृगाचे फळ बाजारात नेले, पण काट्यावर न टाकताच परत पाठविले, असे ते झाले.

याउलट करुण नायरचे उदाहरण पाहा. मूळ कर्नाटकाच्या या फलंदाजाने 2016 मध्ये कसोटीत नाबाद 303 धावा केल्या होत्या, पण 2017 च्या मार्चनंतर तो संघाबाहेर गेला. पुढे तो विदर्भाकडून खेळू लागला. 2024-25 च्या एकदिवसीय स्पर्धेत त्याने पाच शतकांसह 779 धावा केल्या व साऱ्या स्पर्धेत तो केवळ दोनदा बाद झाला. ती स्पर्धा विजय हजारे यांच्या नावाची आहे, हा योग मोठा बोलका आहे. त्याच हंगामात नागपूर येथे रणजीच्या अंतिम सामन्यात त्याने शतक केले. जून 2025 मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, इंग्लंडमध्ये त्याला पुन्हा कसोटीची टोपी घालावयास मिळाली. चार कसोट्यांत त्याच्या 205 धावा झाल्या, अर्धशतक एकच. त्यानंतरच्या मालिकेत त्याचे नाव नव्हते.

मग ही संधी वाया गेली म्हणावयाची काय? माझ्या मते नाही. त्याला आठ डाव मिळाले, मातब्बर गोलंदाजी मिळाली, आणि निर्णय धावफलकाने दिला. त्याच्याविषयी कोणाला ‘मिळाली असती तर’ असे म्हणावे लागणार नाही. निंबाळकरांविषयी 2012 मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हाही तेच म्हणावे लागले.

तेव्हा इतिहासाचे उत्तर मला असे दिसते : उशिरा फुललेल्याचा हक्क जागेवर नाही, परीक्षेवर आहे. संघात कोण राहणार हे धावांनी ठरावे. परीक्षेला कोण बसणार हे जन्मतारखेने ठरू नये. आणि ती परीक्षा खरी असावी, एका दुपारपुरती नसावी. दोन फलंदाज तोलाचे असतील व त्यांतला एक एकोणीस वर्षांचा असेल, तर निवडकर्त्याने पुढील दहा वर्षांचा विचार करून त्याला झुकते माप द्यावे. त्यात गैर काही नाही. पण तोल पाहण्याआधीच तिशीतल्याला बाजूला सारणे हा विवेक नव्हे, तो आळस आहे. धावा मोजण्यापेक्षा वय विचारणे सोपे असते.

संग्रामपूरहून नागपूर सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. निवड चाचणीची वार्ता येथे पोहोचेपर्यंत, प्रवासाचे पैसे जमेपर्यंत, घरचे शेत मार्गी लागेपर्यंत येथील मुलाची वर्षे निघून जातात. शहरातल्या मुलाला चौदाव्या वर्षी मिळणारा प्रशिक्षक याला बाविसाव्या वर्षी भेटतो. अशा मुलाला आपण ‘उशिराचा’ म्हणतो तेव्हा त्याच्या पायांखालची वाट किती लांब होती हे आपण मोजलेले नसते. बांधावर बसलेल्या आपण थोरांनी ‘वय निघून गेले’ हे वाक्य ओठांवर येताच क्षणभर थांबावे, आणि मागच्या बागेतल्या मृगाच्या फुलोऱ्याकडे एकदा पाहावे.