खाट, कॉट आणि कॉट-बेसिस

बोईसरला मी १९९२ साली कामाला लागलो. पालघरच्या पूर्वेकडील आमच्या गावाहून रोजचे येणेजाणे पाळीच्या वेळांना जमेना, म्हणून औद्योगिक वसाहतीजवळ राहायची सोय पाहिली. पहिल्या महिन्याचे भाडे दिल्यावर मालकाने वहीच्या कागदावर पावती लिहून दिली : ‘कॉट नं. ३’. खोलीचा क्रमांक नाही, घराचा नाही. शिवाय ती कॉटही पुरती माझी नव्हती. माझी पहिली पाळी, दुसऱ्या भाडेकरूची रात्रपाळी. तो सकाळी परतायचा तोवर मी माझी वळकटी गुंडाळून बाहेर पडलेलो असायचो.

गावी आजीची सुंभाने विणलेली खाट होती. पाहुणा दिसला की ती आधी अंगणात खाट टाकायची, मग पाणी आणायची. पावती खिशात घालताना पहिल्यांदा मनात आले, की ‘खाट’ आणि ‘कॉट’ हे शब्द फारच सारखे आहेत. पुढे वाचनालयांत बसून कोश चाळण्याचा जो नाद लागला, त्याचे मूळ या पावतीत आहे.

हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ साली निघाला. त्यात ‘कॉट’ची नोंद आहे आणि ती सावधपणे लिहिलेली आहे. उत्तरेतली ‘खाट’ आणि दक्षिणेतला तमिळ-मल्याळी ‘कट्टिल’ या दोन्ही शब्दांकडे ती बोट दाखवते. ‘कट्टिल’ पोर्तुगिजांनीही उचलला होता, असेही सांगते. तारापूरचा किल्ला १७३९ पर्यंत पोर्तुगिजांकडे होता आणि आपली ‘अलमारी’ त्यांच्याच भाषेतून आली आहे. त्यामुळे आमच्या किनाऱ्यापुरती ही दुसरी वाट मला बरेच दिवस मोहात पाडत होती. पण कॉट थेट त्या वाटेने आली असती, तर शब्दाच्या शेवटी ‘ल’ची किंवा ‘र’ची काही खूण उरायला हवी होती. ‘कॉट’ हे रूप इंग्रजीच आहे. इंग्रजीचे आजचे कोश ते हिंदी ‘खाट’वरून सतराव्या शतकात आल्याचे सांगतात. ‘क’ आणि ‘ख’ यांच्या भेदाने इंग्रजीत अर्थ बदलत नाही. म्हणून गेला तो ‘ख’ आणि परत आला तो ‘क’.

खाटेचे मूळ संस्कृत ‘खट्वा’. पाणिनीच्या व्याकरणाने ‘खट्वारूढ’ या समासाची दखल घेतली आहे, आणि तो निंदेचा शब्द आहे. विद्यार्थ्याने जमिनीवर झोपावे, अध्ययन पुरे करून गुरूची अनुज्ञा मिळाली की मग खाटेवर चढावे. त्याआधी चढला तो खट्वारूढ, म्हणजे उनाड. तेव्हा खाट ही केवळ झोपायची वस्तू कधीच नव्हती. तिच्यावर कोणी, केव्हा बसावे याला अर्थ होता.

इंग्रजांनी शब्द जहाजावर नेला. त्यांच्या आरमारात खलाशी झोळीत झोपत. अधिकाऱ्याला लाकडी चौकटीवर ताणलेल्या जाड कापडाचे टांगते अंथरूण मिळे, ती ‘कॉट’. पुढे इंग्लंडात हा शब्द तान्ह्या मुलाच्या कठड्याच्या पलंगाला चिकटला. अमेरिकेत घडीचा, तंबूतला बिछाना म्हणजे कॉट. आपल्याकडे बराकी, इस्पितळे, वसतिगृहे यांतून ती मोठ्या माणसांचीच राहिली. मराठीत येताना तिने लिंगही जुनेच ठेवले : ती खाट, तशी ती कॉट. घडण मात्र बदलली. खाटेला सुंभ किंवा नवार, कॉटला फळ्या किंवा लोखंडी पत्रा. तिपाईचेही असेच झाले. इंग्रजीत तिची ‘टीपॉय’ झाली, तिच्या तीन पायांतला ‘ती’ चहाचा ‘टी’ समजला गेला, आणि ती आपल्या दिवाणखान्यात चार पायांवर परतली.

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. पुढे बोईसरला एमआयडीसीचे कारखाने वाढले, तसे लांबलांबून एकटे पुरुष आले. मुंबईतल्या नोकरदारांच्या ओळखीचा ‘कॉट-बेसिस’ हा शब्द इथेही तितकाच सरावाचा झाला. या शब्दात कॉट हे सामान उरत नाही. ते भाड्याचे माप होते. जागा चौरस फुटांत मोजायची नाही, माणूस आडवा होईल एवढीच मोजायची. आणि पाळ्या तीन असल्या, की तेच माप दोनदा विकता येते.

सरकारी मराठी मात्र वेगळ्या वाटेने गेली. ग्रामीण रुग्णालय ‘३० खाटांचे’ असते. आत लोखंडी कॉटच असतात, पण कागदावर खाट. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यापासून इथल्या रुग्णालयांच्या बातम्यांत मी खाटांचे आकडे वाचत आलो आहे. तिथेही ते मापच. पण आजाऱ्याला निजायला हक्काची जागा, हा जुना अर्थ त्यात अजून शिल्लक आहे.

तो अर्थ मला त्याच खोलीत कळला होता. एका पहाटे मी तापाने फणफणलो होतो, उठता येईना. रात्रपाळीवाला परतला. कॉट त्याच्या वेळेची होती, भाडे त्याने भरले होते. मी उठायला लागलो तेव्हा तो म्हणाला, “खटिया पे पड़े रहो.” मग त्याने चटई खाली पसरली आणि तो जमिनीवर झोपला. असे तीन दिवस.

आपल्याकडे आळशी माणसाला ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ म्हणून हिणवतात. ती म्हण ऐकली की मला तो माणूस आठवतो. मालकाच्या पावतीवर कॉट होती, माझ्या डोक्यात आजीची खाट होती, त्याच्या तोंडी खटिया होती. तिन्ही शब्द एकाच घरचे आहेत, हे मी पुढे कोशात वाचले. पावती अजून माझ्याजवळ आहे.