डोमेन नाव

डोमेन नाव : आंतरजालावरील संकेतस्थळाचा किंवा ई-टपालाच्या ठिकाणाचा अक्षरांत लिहिलेला आणि नोंदणीने एकाच धारकाकडे राखून ठेवलेला पत्ता. आंतरजालास जोडलेल्या संगणकांचा परस्परव्यवहार अंकी पत्त्यांनी चालतो. असे अंक माणसाच्या लक्षात राहत नाहीत. शिवाय संगणक बदलला, की ते बदलतातही. म्हणून स्थिर राहणारे नाव व बदलू शकणारे अंक यांची सांगड घालणारी एक जगद्‌व्यापी नोंदवही ठेवण्यात आली आहे. तिला डोमेन नाव प्रणाली असे म्हणतात. ‘डोमेन’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ अधिकारक्षेत्र असा असून तो येथे नेमका लागू पडतो. कारण प्रत्येक नाव हे कोणाच्या तरी अधिकारातील क्षेत्र असते व त्या क्षेत्रात आणखी नावे देण्याचा अधिकार त्याच्या धारकाकडे असतो.

रचना : डोमेन नावाची रचना टपालाच्या पत्त्यासारखी असते. महाराष्ट्रात बोरी नावाची अनेक गावे आहेत. परभणी जिल्ह्यात एक बोरी आहे, यवतमाळ जिल्ह्यात बोरी अरब आहे आणि नागपूर जिल्ह्यात बुटीबोरी आहे. नुसत्या ‘बोरी’ या पत्त्यावर पत्र पोहोचणे कठीण. म्हणून आपण गाव, तालुका, जिल्हा असा लहानाकडून मोठ्याकडे पत्ता लिहितो. सारख्या नावांचा घोटाळा टाळावा, हाही श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेल्या व १५ ऑगस्ट १९७२ पासून अंमलात आलेल्या सहा अंकी पिन क्रमांकाचा एक हेतू होता. डोमेन नावातही विशिष्ट घटक आधी व व्यापक घटक शेवटी येतो आणि त्यांच्यामध्ये टिंब असते. उदा., महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळाच्या नावात ‘महाराष्ट्र’ हा पहिला, शासकीय संस्थांचा निदर्शक ‘गव्ह’ हा दुसरा व भारताचा निदर्शक ‘इन’ हा शेवटचा घटक होय. शेवटच्या घटकास सर्वोच्च स्तर म्हणतात. एका घटकात जास्तीत जास्त ६३ व संपूर्ण नावात २५३ चिन्हे असू शकतात. मूळ प्रणालीत फक्त रोमन अक्षरे, अंक व संयोगचिन्ह यांनाच स्थान होते. लहान-मोठ्या रोमन लिपीत भेद केला जात नाही.

टपालाशी असलेले हे साम्य मात्र एका ठिकाणी संपते. जिल्हा वेगळा असला, तर दोन बोरी सुखेनैव नांदतात व त्यांची नावे रूढीने पडलेली असतात. डोमेन नाव रूढीने पडत नाही, ते मागावे लागते. आणि एका शाखेत ते जो प्रथम मागेल त्यालाच मिळते. या विषयातील बहुतेक सर्व वाद या एका नियमातून निर्माण झाले आहेत.

इतिहास : अमेरिकेतील आर्पानेट या आद्य जालावर प्रारंभी थोडेच संगणक होते. त्यांची नावे व अंक यांची एकच यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई. एलिझाबेथ फाइन्लर यांच्या देखरेखीखाली ती अद्ययावत होई व प्रत्येक संगणकचालक तिची प्रत उतरवून घेई. संगणक वाढले, तशी ही पद्धत अपुरी पडली. यावर उपाय म्हणून सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॉल मॉकापेट्रिस यांनी जॉन पोस्टेल यांच्या सूचनेवरून १९८३ मध्ये डोमेन नाव प्रणालीची आखणी केली. एकच यादी एका ठिकाणी ठेवण्याऐवजी प्रत्येक शाखेने आपापली यादी सांभाळावी व वरच्या शाखेने फक्त खालच्या शाखेचा ठावठिकाणा सांगावा, हे तिचे मर्म होय. नाव विचारले असता प्रथम मूळ स्तरावरील यंत्र, मग सर्वोच्च स्तराचे यंत्र व शेवटी धारकाने नेमलेले यंत्र अशा क्रमाने अंकी पत्ता मिळतो. मिळालेले उत्तर काही काळ साठवून ठेवले जात असल्याने दर वेळी हा सर्व प्रवास करावा लागत नाही.

ऑक्टोबर १९८४ मध्ये व्यापारासाठी ‘कॉम’, शिक्षणसंस्थांसाठी ‘एज्यु’, शासनासाठी ‘गव्ह’, सैन्यासाठी ‘मिल’ व इतर संघटनांसाठी ‘ऑर्ग’ असे सर्वोच्च स्तर मुक्रर झाले. ‘कॉम’मधील पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या संगणक कंपनीने नोंदविले. देशांसाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या यादीतील दोन अक्षरी संक्षेप स्वीकारण्यात आले. कोणता प्रदेश देश मानावा व कोणता मानू नये, या राजकीय प्रश्नापासून तंत्रज्ञांनी अशा रीतीने स्वतःस दूर ठेवले.

प्रारंभी नोंदणी विनामूल्य होती. १९९५ मध्ये दोन वर्षांसाठी १०० डॉलर असे शुल्क सुरू झाले आणि नाव ही व्यापारी वस्तू बनली. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात आयकॅन ही ना-नफा संस्था स्थापन होऊन सर्वोच्च स्तरांचा समन्वय तिच्याकडे आला. अमेरिकन शासनाशी असलेला तिचा यासंबंधीचा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून संपुष्टात आला.

भारतातील विकास : भारताच्या ‘इन’ या स्तराचा इतिहास मुंबईत सुरू होतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका विभागातून वाढलेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्र १९८५ मध्ये जुहू येथे स्वतंत्रपणे कार्य करू लागले. श्रीनिवासन रामाणी हे त्याचे प्रमुख होते. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक व संशोधन जालात हे केंद्र, पाच भारतीय तंत्रविद्या संस्था, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था व केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी विभाग हे सहभागी होते. १९८९ मध्ये ‘इन’ हा स्तर भारताकडे सोपविण्यात आला व त्यातील नोंदणीचे काम जुहूच्या केंद्राकडे आले. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी आंतरजाल खुले केले, त्याच्या सहा वर्षे आधीची ही घटना आहे.

या काळातील नियम कडक होते. व्यापारी संस्थेस ‘को.इन’, शैक्षणिक संस्थेस ‘एसी.इन’ अशा ठरलेल्या उपशाखांतच नाव मिळे. परिणामी २००४ पर्यंत ‘इन’मध्ये सुमारे ७,००० नावेच नोंदली गेली व भारतीय व्यावसायिक मोठ्या संख्येने ‘कॉम’कडे वळले. २००३ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय राष्ट्रीय आंतरजाल विनिमय केंद्राकडे (निक्सी) हे काम गेल्यावर २००५ पासून ‘इन’मध्ये थेट नाव घेण्याची मुभा मिळाली. प्रथम व्यापारी खुणांच्या धारकांना संधी देऊन नंतर ती सर्वांना खुली करण्यात आली. शासकीय व शैक्षणिक उपशाखा मात्र राखीव राहिल्या. बनावट संकेतस्थळांद्वारे होणाऱ्या फसवणुकीला आळा घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना ‘बँक.इन’ ही राखीव उपशाखा स्वीकारण्याचा आदेश दिला व त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घातली. नागरी सहकारी बँकाही त्यात समाविष्ट असल्याने सहकाराची मोठी परंपरा असलेल्या महाराष्ट्राशी या आदेशाचा निकटचा संबंध होता.

कायदा : डोमेन नाव हा केवळ पत्ता, की व्यापारी खूण, हा प्रश्न भारतात ज्या आरंभीच्या खटल्यांत उपस्थित झाला, त्यांपैकी एक मुंबईचा आहे. ‘रेडिफ’ या मुंबईतील कंपनीच्या नावाशी केवळ एका अक्षराने भिन्न असे ‘रॅडिफ’ हे नाव दुसऱ्या व्यावसायिकाने ‘कॉम’मध्ये घेतले. आपले नाव चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून बनविले आहे, असा बचाव करण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये तो अमान्य केला. डोमेन नाव हे पत्त्याहून अधिक असून व्यापारी खुणेप्रमाणेच त्यास संरक्षण मिळाले पाहिजे, असा निर्णय न्यायालयाने दिला. सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवे खटल्यात २००४ मध्ये हेच तत्त्व देशभर लागू केले.

आयकॅनने १९९९ मध्ये व निक्सीने २००५ नंतर लवादाची पद्धत सुरू केली. तक्रारदारास त्यात तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : वादग्रस्त नाव आपल्या खुणेशी सारखे किंवा भ्रम निर्माण करण्याइतके मिळतेजुळते आहे, धारकाचा त्यावर न्याय्य हक्क नाही, आणि त्यामागे धारकाचा कुहेतू आहे. ‘प्रथम मागेल त्याला’ या नियमाला कायद्याने घातलेली मर्यादा ती हीच.

लिपी : रोमन लिपीचे बंधन मराठीस विशेष जाचक ठरते. रोमनमध्ये ट व त, ण व न, ळ व ल यांतील भेद सामान्यतः नष्ट होतो. ऱ्हस्व व दीर्घ स्वरही एकरूप होतात. मळा, माळा, माला व मला हे चार भिन्न शब्द त्या लिपीत एकाच नावाखाली येतात. उलट, एकाच मराठी शब्दाची अनेक रोमन रूपे होऊ शकतात.

हे बंधन दूर करण्यासाठी इतर लिप्यांतील नावांचे रोमन अक्षरे व अंक यांच्या सांकेतिक मालिकेत रूपांतर करण्याची रीत २००३ मध्ये प्रमाणित झाली. वाचकास देवनागरी नाव दिसते. यंत्रांमध्ये मात्र सांकेतिक रूप फिरते. त्यामुळे मूळ प्रणाली बदलावी लागली नाही. देवनागरीतील ‘.भारत’ हा सर्वोच्च स्तर २७ ऑगस्ट २०१४ रोजी खुला झाला व हिंदी, मराठी, कोकणी यांसह आठ भाषांची सोय झाली. भारतीय भाषांतील नियमांच्या आखणीत पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राचा (सी-डॅक) मोठा वाटा आहे. मराठीत दर्या म्हणजे समुद्र व दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. हा भेद रकाराच्या रूपावरच अवलंबून आहे. अशा सूक्ष्म भेदांचा विचार या नियमांत करावा लागतो. देवनागरी नावांचा प्रसार मात्र मर्यादित राहिला आहे. अनेक आज्ञावली व अर्ज देवनागरी ई-टपाल पत्ते स्वीकारत नाहीत, हे त्याचे एक कारण होय.

नावाची निवड : वरील इतिहासातून निघणारे निष्कर्ष एका उदाहरणाने स्पष्ट होतील. नागपूरच्या दक्षिणेस सुमारे ३० किमी. वरील बुटीबोरी येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे विस्तीर्ण औद्योगिक क्षेत्र आहे. तेथील एखाद्या कारखानदाराने आपल्या संकेतस्थळाच्या नावात गावाचे नाव घालावयाचे ठरविले, तर पहिला प्रश्न वर्णलेखनाचा येतो. गावाचे नाव रोमनमध्ये एका ‘टी’ने व दोन ‘टी’नीही लिहिलेले आढळते. दूरध्वनीवर नाव ऐकणारा ग्राहक यांपैकी कोणते लिहील, याचा भरवसा नाही. अशा वेळी दोन्ही रूपे नोंदवून एकावरून दुसऱ्याकडे वाट काढून देणे श्रेयस्कर असते. देवनागरीत हा प्रश्न उद्‌भवत नाही, म्हणून ‘.भारत’मधील नाव जोडीला घेणे उपयुक्त ठरते.

दुसरा प्रश्न कायद्याचा. १९९९ च्या व्यापारी खुणा अधिनियमानुसार केवळ स्थलनिदर्शक शब्द हा सहसा कोणा एकाची खूण होऊ शकत नाही. तेव्हा नुसते गावाचे व मालाचे नाव जोडून केलेल्या डोमेन नावास दुबळे संरक्षण मिळते. स्वतःचा वेगळा शब्द त्यात असावा. तो इतर कोणाची नोंदलेली खूण नाही, याची खातरजमा आधीच करावी. नाव आखूड, उच्चारल्याबरोबर लिहिता येणारे व शक्यतो अंक आणि संयोगचिन्ह यांवाचून असावे. देशांतर्गत व्यवहारास ‘इन’, परदेशी व्यापारास ‘कॉम’ व सार्वजनिक संस्थेस ‘ऑर्ग’ असा सामान्य संकेत आहे. तथापि ‘कॉम’ व ‘ऑर्ग’ कोणालाही घेता येत असल्याने त्यांवरून धारकाच्या विश्वासार्हतेविषयी अनुमान काढता येत नाही.

तिसरा व सर्वांत दुर्लक्षित प्रश्न धारणेचा आहे. डोमेन नाव विकत मिळते, असे बोलण्यात येते. वस्तुतः ते मुदतीने धारण केलेले असते. ‘कॉम’सारख्या शाखांत एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांची नोंदणी होते. मुदत संपून नूतनीकरण न झाल्यास काही सवलतीचा काळ मिळतो. त्यानंतर ते नाव पुन्हा सर्वांना खुले होते व जुन्या धारकाचे ग्राहक नव्या धारकाच्या दारी जातात. संकेतस्थळ तयार करून देणाऱ्या कारागिराने नोंदणी स्वतःच्याच नावाने केली असल्यास मूळ मालकाला आपल्याच नावासाठी त्याच्यावर अवलंबून राहावे लागते. म्हणून नोंदणी संस्थेच्या स्वतःच्या नावाने करावी. संपर्कासाठीचा ई-टपाल पत्ता त्याच डोमेनवरचा देऊ नये. नाव बंद पडले, की नूतनीकरणाच्या सूचनाही पोहोचेनाशा होतात. लहान कारखाने, ग्रंथालये व शाळा यांच्या बाबतीत हे काम एखाद्या एकट्या व्यक्तीच्या स्मरणावर सोपविलेले असते. जमिनीच्या कागदपत्रांइतकीच काळजी या नोंदणीची घेणे इष्ट होय.