मुलाचे वजन वाढले आहे? टोमणे आणि डाएट दोन्ही टाळा

"किती खातोस!" "अशाने शाळेत सगळे हसतील!" घरातली माणसे हे काळजीपोटीच बोलतात. पण अशा बोलण्याने मुलाचे खाणे सुधारण्याऐवजी बिघडू शकते आणि वजनही वाढू शकते.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या डॉ. डायान न्यूमार्क-स्टेनर यांनी १९९८-९९ मध्ये 'प्रोजेक्ट ईट' हा अभ्यास सुरू केला. त्यात ४,७४६ शाळकरी मुलामुलींची माहिती घेतली गेली. पाच वर्षांनी त्यांच्यापैकी २,५१६ जणांची पुन्हा पाहणी झाली. वजन कमी करण्यासाठी उपाशी राहणाऱ्या, जेवण टाळणाऱ्या किंवा अगदी थोडे खाणाऱ्या मुलांमध्ये पुढे वजन जास्त असण्याचा धोका सुमारे तिप्पट दिसला. अनावर खाण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते. वजनावरून चिडवल्या गेलेल्या मुलांमध्येही पुढे असेच त्रास अधिक आढळले.

अशा पाहणीतून एकामुळेच दुसरे घडले असे सिद्ध होत नाही. पण असे का होत असावे, हे समजणे अवघड नाही. सकाळचा डबा न खाल्लेले मूल संध्याकाळी भुकेने कासावीस होते आणि हाताला लागेल ते खाते. मग त्याला अपराधी वाटते, म्हणून दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उपाशी राहते. हे चक्र चालूच राहते.

वजन जास्त आहे हे कसे ठरवतात?

नुसते पाहून नाही. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधनातून दाखवले की भारतीय बाळे वजनाने कमी असली, तरी त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते. त्यामुळे आपल्याकडे वजनाच्या मर्यादा थोड्या कडक आहेत. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या तक्त्यांत प्रौढांच्या २३ बीएमआयशी जुळणारी रेषा 'जास्त वजन' आणि २७ शी जुळणारी रेषा 'लठ्ठपणा' दाखवते. मुलाचा बीएमआय वय आणि मुलगा की मुलगी यानुसार या तक्त्यावर पाहावा लागतो.

घरी काय करावे?

• बदल एकट्या मुलासाठी नको, सगळ्या घरासाठी करा. एकाला उकडलेली भाजी आणि भावाला समोसा, असे करू नका.
• बोलणे वजनाबद्दल नको, खाण्याबद्दल असू द्या. "बारीक हो" म्हणण्यापेक्षा "आज ज्वारीची भाकरी आणि वरण करू या" म्हणा.
• कोल्ड्रिंक आणि चिप्सची पाकिटे घरात साठवू नका. बाहेर कधी तर्री पोहे किंवा संत्रा बर्फी खाल्ली तर ओरडू नका.
• दिवसातले एक जेवण सर्वांनी एकत्र, टीव्ही आणि मोबाइल बाजूला ठेवून करा.
• मुलांना रोज तासभर खेळ हवा. नागपूरच्या उन्हाळ्यात तो सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर ठेवा.
• बक्षीस म्हणून गोड देऊ नका आणि शिक्षा म्हणून जेवण बंद करू नका.
• घरी रोज वजन करू नका. वाढत्या वयात अनेकदा वजन स्थिर ठेवणे पुरेसे असते, कारण उंची वाढली की बीएमआय आपोआप कमी होतो.

डॉक्टरांना कधी भेटावे?

मानेवर काळी, जाडसर त्वचा दिसणे, झोपेत जोरात घोरणे किंवा वजन वाढत असताना उंची न वाढणे, यांपैकी काही असेल तर तपासणी करून घ्या.

मूल लपून खात असेल, पोट दुखेपर्यंत खात असेल किंवा "थांबताच येत नाही" म्हणत असेल, तर रागावू नका. जेवणानंतर लगेच बाथरूममध्ये जाऊन उलटी काढणे, वारंवार जेवण टाळणे, चक्कर येणे, मुलीची पाळी थांबणे ही लक्षणे गंभीर आहेत. लठ्ठ मुलातही ती दिसू शकतात, म्हणून "वजन कमी होतंय ना, बरंच झालं" असे समजू नका. अशा वेळी बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ या दोघांचीही मदत घ्यावी. नागपुरात मेडिकल आणि एम्स येथे हे दोन्ही विभाग आहेत. मानसिक त्रासासाठी टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावरही बोलता येते.

वजन हळूहळू आटोक्यात येते. त्याआधी मुलाला घरात मोकळेपणाने जेवता आले पाहिजे.